झेंडूची मर: पट्टी लावायची की पीसीआर करायचा?

दसरा पंधरा दिवसांवर येतो आणि चोपडा-अमळनेरकडच्या झेंडूत कळ्यांनी लगडलेलं एखादं झाड भर दुपारी मान टाकतं. संध्याकाळी सावरतं आणि चार दिवसांत हिरवं असतानाच वाळतं. पानं पिवळी न पडता झाड गेलं, तर राल्स्टोनिया या जिवाणूचा संशय घ्यावा. जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा कापा आणि स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात न हलवता धरा. जिवाणू असला तर काही मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधाळ धागा खाली उतरू लागतो. बुरशीच्या मरीत पाणी नितळ राहतं.

खात्रीसाठी पुढे दोन चाचण्या आहेत, शेतातच लावायची पट्टी आणि प्रयोगशाळेतला पीसीआर, आणि त्यांचीच गल्लत होते. पट्टी म्हणजे स्वस्तातला पीसीआर, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. करोनात अँटिजेन किट आणि आरटीपीसीआर आपण सगळ्यांनीच पाहिलं, फरक तोच आहे.

पट्टीवरची अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक जिवाणूलाच चिकटणारं प्रथिन, जिवाणूला बाहेरून ओळखते. खोड द्रावणात चेचायचं, पट्टी बुडवायची, बांधावरच दहा-पंधरा मिनिटांत उत्तर. पण रेघ उमटायला मिलिलिटरमागे लाखाच्या घरात जिवाणू लागतात. मान टाकलेल्या झाडात ते असतात. वरून ठणठणीत दिसणाऱ्या शेवंतीच्या मातृरोपात (ज्याच्या काड्यांपासून नवी रोपं करतात त्यात) नसतातही, म्हणून तिथे कोरी पट्टी पाहून काड्या घेणं मला धोक्याचं वाटतं.

पीसीआर जिवाणूचा डीएनए शोधतो. ठरावीक तुकडा दर फेरीत दुप्पट होतो. ३० फेऱ्यांत एकाचे १०० कोटींवर. शिवाय प्रायमर, म्हणजे कोणता तुकडा शोधायचा हे ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, बदलून जिवाणूचा प्रकारही कळतो. २०२० मध्ये ग्वाटेमालाहून अमेरिकेत गेलेल्या जिरॅनियमच्या रोपांत राल्स्टोनिया सापडला, तेव्हा खरी भीती बटाट्याची होती, कारण तो बटाटा सडवणारा प्रकार होता. नुसत्या पट्टीला हा प्रकार वेगळा सांगता येत नाही.

पीसीआरलाही मर्यादा आहेत. मेलेल्या जिवाणूचा डीएनएही तो दाखवतो, त्यामुळे पॉझिटिव्ह म्हणजे जिवंत रोग असंच नाही. गुलाबासारख्या झाडाच्या रसातली द्रव्यं ही क्रियाच अडवतात आणि खोटा निगेटिव्ह येतो. म्हणून निगेटिव्ह रिपोर्ट घेताना चाचणीत अंतर्गत कंट्रोल (क्रिया अडली नाही हे दाखवणारी सोबतची तपासणी) चालला होता का, हे जरूर विचारा.

उभ्या झेंडूत मेलेल्या झाडासाठी पीसीआरवर पैसे घालू नका. ग्लास आणि पट्टी पुरे, झाड मुळासकट काढा. रोपवाटिकेसाठी मातृरोपं किंवा काड्या आणताना मात्र पीसीआर मागाच. केळीची टिश्यू कल्चर रोपं घेताना आपण विषाणूमुक्तीचा दाखला मागतो, मग फुलांना का नाही? नमुन्याला सुटी पानं किंवा पार वाळलेलं झाड पाठवू नका. कालच मान टाकलेल्या झाडाचं बुडाकडचं खोड कागदात गुंडाळून, उन्हात न ठेवता, त्याच दिवशी रवाना करा.