पोटाचा सांगावा

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गावच्या समाजमंदिरावर योग दिनाच्या शिबिराचा फ्लेक्स लागला. ‘पोट साफ, वजन हाफ!’ शेजारी सपाट पोटाच्या कुण्या परदेशी बाईचा फोटो. दिग्रसकडचं आमचं गाव. सोयाबीनच्या बियाण्याला पैसे कुठून आणायचे या विवंचनेतल्या माणसांना वजन अर्धं करायला सांगणारा हा कोण, म्हणून मला हसू आलं. ते दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी गल्लीतली एक बाई घरी आली.

“सर, पोरगी ताटावर बसते पन खातच नाही जी. दोन घास झाले का म्हन्ते, पोट टम्म झालं. तिले त्या शिबिरात टाकू काय? भूक तरी लागन.”

मुलगी माझीच विद्यार्थिनी, नुकतीच बारावी झालेली. नवतपात, बाहेर 45 अंश असताना, अंगात स्वेटर. पाळी पाच महिने बंद. स्वयंपाकाची हौस मात्र दांडगी. मोबाइलवर बघून घरच्यांना पाटोडी, सांभारवडी करून घालायची, आग्रह करकरून वाढायची, आणि स्वतः ‘मी मागून जेवते’. घरच्यांनी आधी बाहेरवासा समजून भगताकडे नेलं होतं. त्यानं लिंबू उतरवलं, दंडाला धागा बांधला आणि वर पाच शनिवारचे उपास सांगितले. उपाशी पोरीला उपास! गाडगेबाबांच्या वऱ्हाडात, 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा होऊनही, ही दुकानं चालूच आहेत.

मला शंका आली ती ॲनोरेक्सियाची, म्हणजे माणूस स्वतःला उपाशी ठेवत जातो त्या मनाच्या आजाराची. लंडनच्या विल्यम गल आणि पॅरिसच्या लासेग या दोन डॉक्टरांनी 1873च्या सुमारास एकमेकांच्या आधाराशिवाय या आजाराचं वर्णन केलं. आपल्याकडे ‘अन्नावरची वासना उडाली’ म्हणतात, पण इथे वासना उडालेली नसतेच. उलट डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही नसतं.

हे शहरातल्या, खात्यापित्या घरच्या मुलींचं दुखणं, असा एक समज आहे. फिजी बेटांवरच्या नाड्रोगा भागात 1995 साली टीव्ही पोचला. हार्वर्डच्या ॲन बेकर यांनी तिथल्या शाळकरी मुलींना तेव्हा विचारलं, तर वजनासाठी उलटी काढणारी एकही नव्हती. 1998 साली पुन्हा विचारलं, तर 11.3 टक्के मुली तसं करत होत्या. आपल्याकडे टीव्ही जुना झाला, आता रील प्रत्येकाच्या उशाशी आहे. दुसरी बाजूही सांगतो. त्याच दशकात हाँगकाँगचे मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांना असे बरेच रुग्ण भेटले, जे ‘मी जाडी आहे’ असं म्हणतच नव्हते. ते म्हणत, पोट फुगतं, जेवण जात नाही. आपल्या गल्लीतल्या पोरीची भाषा ती हीच. त्यामुळे पुस्तकातलं ‘जाड होण्याची भीती’ हे लक्षण शोधत बसणारा डॉक्टर फसू शकतो. आणि मुलगेही यातून सुटत नाहीत.

पाककृतींचं वेड कुठून येतं? 1944-45मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुण स्वयंसेवकांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. बटाटे, सलगम, ब्रेड, मॅकरोनी, दिवसाला जेमतेम 1,600 कॅलरी. वजन सुमारे चौथाईनं उतरलं. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, माणसं चिडचिडी आणि एकलकोंडी झाली, ताटं चाटू लागली, आणि ज्यांनी आयुष्यात चूल पाहिली नव्हती ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. यातल्या कुणालाही मनाचा आजार नव्हता. म्हणजे स्वेटर, चिडचीड, पाटोडीची हौस, ही त्या पोरीची ‘नाटकं’ नव्हेत. भुकेनं आजारी पडलेल्या मेंदूची ती लक्षणं आहेत.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलंय, पाल्हाळ होईल. कंटाळा आला तर चार परिच्छेद ओलांडा.

पाच ज्ञानेंद्रियं आपण शाळेत घोकतो. पण भूक, तहान, लघवीची घाई, छातीतली धडधड हे कोणत्या इंद्रियानं कळतं? या आतल्या जाणिवेला आंतरसंवेदन म्हणू. पोटातून मेंदूकडे सांगावा जातो तो दोन वाटांनी. पहिली वाट दवंडीची. रिकाम्या जठराच्या भिंतीतून घ्रेलिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं आणि गावभर फिरतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस ते ऐकतो. हे संप्रेरक 1999 साली कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांना सापडलं. दुसरी वाट फोनची. जठर ताणलं गेलं की व्हेगस चेतातंतूमधून तशी खबर मेंदूच्या देठात पोचते. आपण व्हेगसला मेंदूचा हुकूम खाली नेणारा शिपाई समजतो, पण त्याचे सुमारे 80 टक्के धागे खालून वर खबर नेणारे असतात. देठातून ती थॅलॅमसमार्गे इन्सुला या भागात जाते. इन्सुला म्हणजे बेट, कानशिलाच्या आत मेंदूच्या घडीत दडलेलं. ‘मला भूक लागली’ यातल्या ‘मला’ची जुळणी बऱ्याच अंशी तिथे होते.

गंमत अशी की ॲनोरेक्सियात घ्रेलिन कमी नसतं, जास्त असतं! दवंडीवाला घसा फोडून ओरडतोय आणि पंचायत म्हणते, आम्हाला काही ऐकू आलं नाही. असं का व्हावं? एक मांडणी अशी की मेंदू नुसता ऐकत नाही, तो आधी अंदाज बांधतो आणि मग आलेली खबर त्या अंदाजाशी ताडून पाहतो. एसटीची वाट बघत फाट्यावर उभ्या माणसाला लांबून येणाऱ्या ट्रकचा आवाजही एसटीचाच वाटतो, तसं. ताट समोर आलं की या मुलीचा मेंदू ‘आता त्रास होणार’ असा अंदाज बांधतो. त्या धास्तीनं छाती धडधडते, पोट आवळतं. ही आवळल्याची खबर इन्सुलात पोचते आणि तिचा अर्थ लागतो, ‘पोट भरलं’. अंदाज खरा ठरला, पुढच्या वेळी तो आणखी पक्का! त्यात भर म्हणजे दीर्घ उपासमारीत जठर खरोखरच सावकाश रिकामं होतं, त्यामुळे ‘दोन घासांत टम्म’ ही तक्रार पूर्ण खोटीही नसते. नियमित खाणं सुरू झालं की काही आठवड्यांत ती कमी होते, पण ते काही आठवडे काढायचे कसे, हाच तर प्रश्न.

एक प्रयोग घरी करून बघा. डोळे मिटून, नाडीला हात न लावता, एक मिनिट स्वतःच्या हृदयाचे ठोके मोजा. दुसऱ्यानं त्याच वेळी तुमच्या मनगटावर मोजायचे. दोन आकड्यांतली तफावत हे आंतरसंवेदनाचं एक ढोबळ माप. ढोबळच, कारण ‘मिनिटाला बहात्तर’ हे शाळेत पाठ केलेला माणूस काही न जाणवताही बरोबर उत्तर देतो. आता मनगटावर स्वतःचं बोट ठेवून लांब श्वास सोडा. ठोके किंचित मंदावतील, श्वास घेताना वाढतील. हा व्हेगसचा ब्रेक. व्हेगसच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन सुटतं, हृदयाच्या गतिदात्यावर, म्हणजे ठोक्यांचा वेग ठरवणाऱ्या गाठीवर, बसतं आणि क्षणार्धात एक विकर त्याचे तुकडे करतं. म्हणून हा ब्रेक एकेका श्वासागणिक लागू-सुटू शकतो. ॲड्रेनलिनच्या जातीच्या रसायनांना ते जमत नाही, त्यांचा असर ओसरायला काही सेकंद जातात.

इथे व्हॉट्सॲपवाल्यांची एक खोड काढायची आहे. ‘प्राणायामानं व्हेगस जागृत होते, सगळे आजार पळतात’ हा निरोप तुम्हालाही आला असेल. ॲनोरेक्सियाच्या रुग्णात व्हेगसचा ब्रेक आधीच जोरात दाबलेला असतो, नाडी चाळिशीत जाते. तिथे आणखी काय जागृत करणार? योगाचा उपयोग असलाच तर वेगळ्या कारणानं. पोटात काही हललं, छाती धडधडली, तरी न घाबरता मिनिटभर ते नुसतं बघायचं. याचा सराव म्हणजे मेंदूचा तो पक्का अंदाज रोज थोडा खोटा पाडणं.

पुरावा थोडा आहे, पण आहे. 2010 साली सिएटलहून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 11 ते 21 वर्षांचे 54 रुग्ण होते, 50 मुली आणि 4 मुलगे. नेहमीचे उपचार सगळ्यांना होते, निम्म्यांना जोडीला आठ आठवडे योग. योगाच्या गटात आजाराची लक्षणं कमी झाली, योगाच्या प्रत्येक वर्गानंतर डोक्यातलं अन्नाचं चक्र तेवढ्यापुरतं थांबलं, आणि मुख्य म्हणजे वजन घसरलं नाही. नंतरच्या अभ्यासांचे निकाल संमिश्र आहेत. योग हा ताटाशेजारचा लोणच्याचा तुकडा समजावा. ताट म्हणजे अन्न, डॉक्टर आणि घरची माणसं.

तेव्हा आधी डॉक्टर. दिवसा जागेपणी नाडी 50च्या खाली असणं, चक्कर येणं, सतत उलट्या काढणं, यांपैकी काहीही असेल तर आसनं बंद आणि रुग्णालय गाठायचं. तिथे रक्तातलं पोटॅशियम आणि फॉस्फेट बघतात. बरेच दिवस उपाशी माणसाला एकदम तूप-शिरा भरवला तर इन्शुलिन उसळतं, साखरेबरोबर फॉस्फेटही पेशींत ओढलं जातं, रक्तात त्याचा दुष्काळ पडतो आणि हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेले उपाशी कैदी असे पोटभर जेवून दगावले. कुठे जावं सुचत नसेल तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आमच्या मुलीला जिल्ह्याच्या ठिकाणी दाखवलं. पहिले दोन महिने योग नाहीच. घरी ताट वाढायचं काम डॉक्टरांनी आई आणि आजीकडे सोपवलं, किती खायचं याची घासाघीस पोरीशी करायची नाही. अल्पवयीनांच्या ॲनोरेक्सियात कुटुंबानं जेवणाची सूत्रं हाती घेण्याची ही पद्धत लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात रुजली. ऑक्टोबरात, सोयाबीन निघाल्यावर, समाजमंदिरात पाच जणी जमू लागल्या. त्यातली एक रात्री लपून भसाभस खाणारी आणि मग रडणारी होती. तोही आजारच, आणि त्यात गटानं घेतलेले वर्तनोपचार बऱ्यापैकी लागू पडतात, कारण या दुखण्याचं अर्धं खत लपवाछपवी असतं. पण गटात एक धोका आहे, स्पर्धेचा. म्हणून नियम एकच, आकडा काढायचा नाही. ना किलोचा, ना कॅलरीचा, ना पोळ्यांचा. तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेला अंथरतात त्याच सतरंजीवर वीस मिनिटं सावकाश आसनं, शवासन, मग सगळ्यांनी मिळून पोहे. समाजमंदिरात आरसा नाही, हे एक बरं.

पाचजणींतली एक मध्येच यायची बंद झाली, तिच्या घरच्यांना ‘पागलांचा वर्ग’ हे नाव लागलं होतं. ज्या मुलीपासून हे सुरू झालं, तिची पाळी फेब्रुवारीत आली. तूरडाळीच्या वरणाला ती अजून हात लावत नाही.

शिबिरवाल्या योगशिक्षकाला मी वमनधौती (मिठाचं पाणी पिऊन उलटी काढणं) आणि शंखप्रक्षालन (तसंच पाणी पिऊन आतडी धुणं) यादीतून काढायला सांगितलं. उलटी काढण्याचं तंत्र बुलिमियाच्या, म्हणजे भसाभस खाऊन मग ते बाहेर काढू पाहणाऱ्या, मुलीला शिकवणं म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणं, आणि उलट्यांनी पोटॅशियम उतरलं की हृदयाचा ठेका बिघडतो. माणूस भला, त्यानं दोन्ही काढून टाकलं. फ्लेक्स मात्र यंदाही जुनाच लावला, पुन्हा छापायला पैसे लागतात म्हणे. शिबिर संपल्यावर त्यानं तो घरी नेला. आता त्याच्या कुटाराच्या ढिगावर आहे, परदेशी बाईचं तोंड खाली करून.