समाजमाध्यमे आणि व्यक्तिगत नातेसंबंध

फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम यांसारख्या समाजमाध्यमांच्या वापरामुळे कुटुंबीय, जोडीदार, मित्र आणि परिचित यांच्याशी असलेल्या नात्यांत होणारे बदल. नाती जुळणे, टिकणे, ताणली जाणे आणि तुटणे हे सगळे यात येते. या विषयावरची चर्चा बहुधा माध्यमांवर किती वेळ जातो, याच प्रश्नापाशी अडकते. तो वेळ कोणासाठी दिला आणि त्यात कोणाचे लक्ष हिरावले गेले, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

या अभ्यासाची सुरुवात समाजमाध्यमांच्याही आधी झाली. रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे, घरात नुकतेच इंटरनेट आलेल्या कुटुंबांची पाहणी केली. वापर वाढला तसा घरातल्यांशी संवाद थोडा घटला आणि एकटेपणा वाढला, असे त्यांनी १९९८ मध्ये मांडले. याच गटाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुढच्या पाहणीत मात्र यांतले बरेचसे दुष्परिणाम ओसरलेले दिसले. बहिर्मुख आणि भोवती माणसे असलेल्यांना इंटरनेटचा फायदा होत होता, अंतर्मुखांच्या बाबतीत परिणाम उलटा दिसत होता. मोइरा बर्क आणि क्राउट यांचा फेसबुकवरील अभ्यास २०१६ मध्ये आला. जवळच्या माणसाने आपल्यासाठी म्हणून लिहिलेल्या मजकुराने माणसाला बरे वाटते. नुसत्या लाइकने किंवा सर्वांसाठी टाकलेल्या पोस्टने तसा फरक पडत नाही, असे त्यात आढळले. वाढदिवसाला फेसबुकच्या भिंतीवर पडलेल्या ढीगभर शुभेच्छांपेक्षा एका मैत्रिणीने लिहिलेल्या चार ओळी का लक्षात राहतात, याचे उत्तर इथे मिळते.

मित्रयादी हजारांवर गेली तरी जिवाभावाची माणसे वाढत नाहीत. माणूस साधारण दीडशे जणांशीच खरी ओळख सांभाळू शकतो, असे ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचे मत आहे. समाजमाध्यमांमुळे ही मर्यादा फारशी ओलांडली जात नाही, असे त्यांना नंतरच्या अभ्यासातही दिसले. माध्यमे खरोखर सांभाळतात ती दूरची, सैल नाती: जुना वर्गमित्र, पूर्वीचा शेजारी, एकदाच भेटलेला सहकारी. नोकरीची खबर अशाच सैल ओळखींतून येते, हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच दाखवले होते. परदेशी राहणारी मुले, स्थलांतरित कामगार आणि दुर्मिळ आजाराचे रुग्ण यांना या माध्यमांनी दिलेला आधार तर मोलाचाच आहे.

जवळच्या नात्यांत मात्र एक नवाच ताण आला. व्हॉट्सअ‍ॅपवर समोरच्या व्यक्तीने लपवले नसेल, तर ती शेवटची कधी येऊन गेली हे दिसते. नोव्हेंबर २०१४ पासून संदेश वाचला की निळ्या टिकाही उमटू लागल्या. पत्राला उत्तर आले नाही तर पूर्वी टपाल, आजारपण, धावपळ अशी कितीतरी कारणे मनाशी धरता येत. आता संदेश वाचलेला दिसतो, नावाखाली ‘ऑनलाइन’ दिसते, क्षणभर ‘टायपिंग’ येते आणि थांबते. उत्तर न देणे ही एक कृती ठरते आणि तिचा अर्थ लावत माणूस बसून राहतो. निळ्या टिका बंद करण्याची सोय लवकरच देण्यात आली, पण त्या बंद केल्या की ‘काय लपवतोस?’ हा प्रश्न येतोच. अर्धवट माहिती संशयाला खतपाणी घालते. फेसबुकवर अधिक वेळ घालवणाऱ्यांत जोडीदाराविषयीचा मत्सरही अधिक असल्याचे कॅनडातील एका अभ्यासात २००९ मध्ये आढळले. संशयामुळे पाळत आणि पाळतीमुळे आणखी संशय, असे हे चक्र असण्याची शक्यता संशोधकांनी मांडली.

दुसरा ताण समोरासमोर असतानाचा. एक जण दिवसभरातले काही सांगत असतो, दुसऱ्याची नजर पडद्यावर जाते, ‘हं, बोल, ऐकतोय’ एवढे येते आणि सांगणारा वाक्य अर्धेच सोडतो. या वागण्याला ‘फबिंग’ म्हणतात. जोडीदाराच्या अशा वागण्यामुळे फोनच्या वापरावरून खटके उडतात आणि नात्यातले समाधान घटते, असे जेम्स रॉबर्ट्स आणि मेरेडिथ डेव्हिड यांच्या २०१६ मधील अभ्यासात दिसले. इथे भांडण फोनवरून होत असले, तरी दुखावलेपण आपण दुय्यम ठरल्याचे असते.

माध्यम सोडल्यास काय होते, हे हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी प्रयोगाने तपासले. २०१८ च्या अमेरिकी निवडणुकीपूर्वी त्यांनी काही जणांना मोबदला देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. रोजचा सुमारे तासभर मोकळा झाला; त्यातला काही घरच्यांबरोबर आणि मित्रांबरोबर गेला, काही एकट्याने दूरचित्रवाणी पाहण्यातही. समाधान वाढले, पण थोडेच.

नाती जुळवण्यातही इंटरनेटने मध्यस्थांची जागा घेतली आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये जुळलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी सुमारे ३९ टक्के ऑनलाइन भेटली होती. नाते तुटल्यानंतरचा काळ मात्र अधिक अवघड झाला आहे. पूर्वीच्या जोडीदाराचे फेसबुकवरील पान पाहत राहणाऱ्यांना विरहाचा त्रास अधिक होतो, असे तारा मार्शल यांच्या २०१२ मधील अभ्यासात दिसले. अर्थात, ज्यांना त्रास अधिक होतो तेच अधिक पाहत असतील, हेही शक्य आहे. फेसबुकने २०१५ मध्ये अशा व्यक्तीच्या पोस्ट कमी दिसाव्यात यासाठी सोय आणली. तरी सामाईक मित्रांच्या फोटोंतून ती व्यक्ती समोर येत राहते आणि मग त्या मित्रांशी असलेले नातेही अवघडते.