पार्श्वभूमी : कॅमेऱ्यावरचं '25पी' आलं कुठून?

वरच्या दर्जाचा कॅमकॉर्डर घ्यायला आज दुकानात गेलं की माहितीपत्रकावर साधारण एकच यादी दिसते. एक्सएलआरच्या, म्हणजे व्यावसायिक माइक जोडायच्या, दोन जागा, आतच बसवलेले एनडी (उजेड कमी करणारे) फिल्टर, फोकस-झूम-आयरिससाठी वेगवेगळ्या कड्या, दोन कार्डांची सोय, आणि शेवटी आकड्यांची रांग: 25पी, 50पी, 50आय (आकडा म्हणजे सेकंदाला किती चित्रं; 'पी' म्हणजे प्रोग्रेसिव्ह, पूर्ण चित्रं; 'आय' म्हणजे इंटरलेस्ड, अर्धी-अर्धी). ही यादी कुणी एका बैठकीत ठरवली नाही. तिच्यातला बराचसा भाग 1995 ते 2010 या पंधरा वर्षांत जमला. त्यात चित्र कसं दिसावं याइतकाच टीव्हीला काय चालतं याचा विचार होता आणि थोडा हात जकात खात्याचाही होता. यादीतला सगळ्यात गोंधळाचा शब्द म्हणजे '25पी'. त्याच्यावर जरा जास्त वेळ घालवावा लागेल.

त्याआधीचं थोडक्यात. 1930 च्या दशकात टीव्हीचं चित्र अर्धं-अर्धं करून, आधी विषम ओळी मग सम ओळी असं पाठवायची युक्ती निघाली. त्यात लहरींची बचत होती आणि चित्र लुकलुकतही नव्हतं. अशी किती अर्धी चित्रं सेकंदाला पाठवायची हे भिंतीतल्या विजेनं ठरवलं: युरोपात 50, अमेरिकेत 60. भारतात 1959 साली दिल्लीत आणि 1972 साली मुंबईत टीव्ही आला तो 50 च्या घराण्यातला, 1982 साली रंग आला तोही त्याच घराण्यातला, म्हणजे पॅल. पुढचा सगळा गुंता या आकड्यापासून सुरू होतो.

1995 साली डीव्ही ही डिजिटल कॅसेटची पद्धत आली. पाव इंच रुंदीची फीत, सेकंदाला 25 मेगाबिट, चित्र सुमारे पाचपट दाबलेलं. त्याच वर्षी आलेल्या सोनीच्या व्हीएक्स-1000 मध्ये तीन सीसीडी (चित्र टिपणाऱ्या चिप) होत्या आणि मागे संगणकाला जोडायच्या फायरवायर तारेचं एक छोटं भोक होतं. तीन सीसीडींचं कौतुक तेव्हा फार झालं, पण खरी क्रांती त्या भोकात होती. कॅसेटवरचं चित्र संगणकात जसंच्या तसं उतरत होतं, त्यात तूट नव्हती. व्हीएचएसच्या कॉपीची कॉपी काढून रंग विटलेले ज्यांनी पाहिलेत त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. एका तासाच्या चित्रणाला सुमारे 13 जीबी जागा लागे. तेव्हाच्या हार्ड डिस्कला ती परवडत नसे, आणि विंडोजच्या जुन्या मांडणीत फाइल 4 जीबीपुढे जात नसल्यानं दर एकोणीसेक मिनिटांनी तुकडा पडे. तरी लोकांनी घरच्या घरी एडिटिंग सुरू केलं ते तेव्हापासूनच.

व्हीएक्स-1000 ला बाहेर उघडणारा पडदा नव्हता, एक्सएलआरही नव्हतं. ही उणीव सोनीच्याच 2000 च्या पीडी-150 नं भरून काढली. माइकसाठी दोन एक्सएलआर, 48 व्होल्टची फँटम पॉवर (माइकला कॅमेऱ्यातूनच वीज), आणि डीव्हीकॅम या डीव्हीच्या व्यावसायिक भावंडात नोंदवायची सोय. डीव्हीकॅमचं चित्र डीव्हीपेक्षा चांगलं असतं असा समज आपल्याकडे कितीतरी वर्षं टिकला, आणि त्यासाठी जादा दरही आकारले गेले. प्रत्यक्षात चित्र तेच, 25 मेगाबिटच. फरक एवढाच की फितीवरचा माग 10 मायक्रॉनऐवजी 15 मायक्रॉन रुंद. त्यामुळे चित्र तुटण्याचा धोका कमी होई आणि 60 मिनिटांची कॅसेट 40 मिनिटांत संपे. एकच कॅसेट चार लग्नांना वापरणाऱ्यांना त्याचा उपयोग होताच, पण तो टिकाऊपणाचा, चित्राच्या दर्जाचा नव्हे. पुढे 2003 साली पीडी-170 आला. अंधारात दिसण्याच्या बाबतीत तो इतका तरबेज होता की 2007-08 च्या सुमारास मराठी वृत्तवाहिन्या सुरू झाल्या तेव्हाही बातमीदारासोबत बहुधा तोच कॅमेरा दिसे.

आता मूळ गुंता.

सिनेमा सेकंदाला 24 पूर्ण चित्रांचा. पॅल टीव्ही सेकंदाला 50 अर्ध्या चित्रांचा, अमेरिकेतला 60 अर्ध्यांचा. अर्धी चित्रं वेगवेगळ्या क्षणी टिपलेली असल्यानं हालचाल तुळतुळीत दिसते. बातमीला, क्रिकेटला, वरातीला ती शोभते. पण कथापट तसा पाहिला की डोळ्याला तो मालिकेसारखा वाटतो. सिनेमासारखं दिसणं म्हणजे नेमकं काय, यावर तेव्हा रंगापासून लेन्सपर्यंत सगळ्याची चर्चा चाले, पण माझ्या मते त्यातला निम्म्याहून अधिक भाग हालचालीचा होता.

कॅमेऱ्यांवर 'प्रोग्रेसिव्ह' हा शब्द तसा बराच आधी आला. कॅननच्या 1997 च्या एक्सएल-1 वर 'फ्रेम मूव्ही' नावाची सोय होती. त्यात सीसीडीतून चित्र अर्धं-अर्धंच निघे; हिरव्याची सीसीडी लाल-निळ्यापेक्षा एक ओळ सरकवून वाचायची आणि त्यातून पूर्ण चित्र जुळवायचं, अशी ती युक्ती होती. हालचाल सिनेमासारखी होई, उभी धार मात्र बोथट होई. पीडी-150 वर खरोखरचा प्रोग्रेसिव्ह होता, पण पॅलमध्ये सेकंदाला साडेबारा चित्रं. त्यातून हलतं चित्र काढणं म्हणजे चार्ली चॅप्लिनच्या काळात परत जाणं. तो खरं तर स्थिर फोटो काढण्यासाठी होता, पण माहितीपत्रकावर शब्द तोच, 'प्रोग्रेसिव्ह'.

याच काळात अमेरिकेत एक गंमत झाली. तिथले कमी पैशांत चित्रपट करणारे मुद्दाम पॅलचे कॅमेरे मागवू लागले. 60 अर्ध्या चित्रांतून 24 पूर्ण चित्रं काढणं म्हणजे ओढाताण, पण पॅलची 50 अर्धी म्हणजे 25 पूर्ण, आणि 25 वरून 24 वर यायला चित्रपट चार टक्के हळू चालवला की झालं. शंभर मिनिटांचा चित्रपट एकशेचार मिनिटांचा होतो, आवाजाचा सूर किंचित खाली उतरतो, तो नंतर सावरता येतो. शिवाय पॅलमध्ये ओळी 576, त्यांच्याकडे 480. म्हणजे जो कॅमेरा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळत होता, तो तिथे हौसेनं शोधला जात होता. उलट आपल्याकडे अमेरिकेतल्या काका-मामांनी प्रेमानं आणलेला कॅमेरा डोकेदुखी ठरे. त्याची कॅसेट इथल्या कॅमेऱ्यात चालत नसे, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र धडधडल्यासारखं दिसे, कारण आपली वीज 50 ची आणि त्याचं शटर 60 चं. शटर 1/100 वर नेलं की धडधड थांबे, पण हे सांगणारा माणूस हळदीच्या मांडवात सापडायला हवा ना.

2002 साली पॅनासॉनिकचा डीव्हीएक्स-100 आला. चार हजार डॉलरच्या आत, आणि खरोखरचा 24पी. पण फीत तर 60 अर्ध्यांचीच, मग त्यावर 24 बसवायचे कसे? सिनेमा टीव्हीवर दाखवायची जुनी रीत होती: एका चित्राची दोन अर्धी, पुढच्याची तीन, परत दोन, परत तीन. हा कॅमेरा तशीही नोंद करी आणि शिवाय 'अॅडव्हान्स्ड' नावाच्या दुसऱ्या क्रमानंही: दोन, तीन, तीन, दोन. दुसऱ्या क्रमात पाचातली एकच फ्रेम भेसळीची निघते. संगणकानं ती टाकून दिली की मागे शुद्ध 24 उरतात, चित्र पुन्हा दाबावं लागत नाही. कॅमेऱ्याच्या इतिहासात इतकी साधी आणि इतकी चोख तडजोड क्वचित झाली असेल.

पण हा सगळा खटाटोप अमेरिकेचा. आपल्याकडे आलेल्या पॅल आवृत्तीत 25पी होता, आणि त्याला कसलाच क्रम लागत नव्हता. एकाच क्षणी टिपलेलं पूर्ण चित्र दोन अर्ध्यांत कापायचं आणि 50आयच्या फितीवर ठेवायचं, बस. फितीला पत्ताही लागत नाही की आत प्रोग्रेसिव्ह चित्र आहे. आणि नेमका इथेच आपल्याकडचा घोळ झाला. फीत कॅप्चर केली की संगणक सांगे, '50आय'. मग कुणी डीइंटरलेस करून (अर्ध्या चित्रांतून पूर्ण चित्रं बनवून) निष्कारण अर्ध्या ओळी घालवून बसे, कुणी दुकानदाराशी भांडे की 25पी सांगून 50आय माथी मारला. भर म्हणून फील्डच्या, म्हणजे अर्ध्या चित्रांच्या, क्रमाची भानगड: डीव्हीमध्ये खालचं अर्धं आधी, नंतरच्या एचडीव्हीमध्ये (डीव्हीच्याच कॅसेटवरचं एचडी) वरचं आधी. 50आयच्या चित्रणात सेटिंग चुकलं की नवरदेवाची घोडी पुढे-मागे थरथरत चाले. 25पीच्या चित्रणात तीच चूक लपून जाई, कारण दोन्ही अर्धी एकाच क्षणाची. त्यामुळे चुकतंय हेच कित्येकांना कळलं नाही.

लग्नवाल्यांनी 25पी जवळ केला नाही, आणि त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही. घोळक्यात कॅमेरा भराभर फिरवावा लागतो. 25पीमध्ये तसा फिरवला की चित्र अडखळतं, आणि घरचे म्हणतात कॅमेरा खराब आहे. लघुपट आणि माहितीपट करणाऱ्यांनी मात्र शटर 1/50 वर ठेवायचं, कॅमेरा सावकाश फिरवायचा ही शिस्त अंगी बाणवली.

शब्दाची खरी वाट लागली ती एचडीव्हीच्या काळात. सोनीच्या 2004 च्या एफएक्स-1 मध्ये त्याच मिनीडीव्ही कॅसेटवर 1080 ओळींचं चित्र मावलं. रुंदी 1920 नव्हे तर 1440, आणि पॅलमध्ये दर बारा फ्रेमांतली एकच पूर्ण साठवलेली, बाकीच्या तिच्या आधारानं रचलेल्या. त्यामुळे फितीवर एक ओरखडा आला की एक फ्रेम न जाता जवळजवळ अर्धा सेकंद जाई. या कॅमेऱ्यावर सिनेमासारखी हालचाल देणारा 'सिनेफ्रेम' होता, पण सेन्सर 50आयचाच. अमेरिकी आवृत्तीतला सिनेफ्रेम 24 तर सरळसरळ अडखळत चाले. कॅननच्या 2005 च्या एक्सएल एच-1 वर '25एफ'. 'पी' नाही, 'एफ'. हालचाल नियमित, धार थोडी कमी, आणि अक्षर प्रामाणिकपणे वेगळं. त्याच वर्षीचा जेव्हीसीचा जीवाय-एचडी-100 खरा 25पी देई, पण 720 ओळींवर. वर्ष सरता सरता आलेला पॅनासॉनिकचा एचव्हीएक्स-200 खरा प्रोग्रेसिव्ह, 1080 असं लिहिलेला, पण त्याच्या सीसीडीवर ठिपके (पिक्सेल) 960 गुणिले 540. बाकीचं चित्र ठिपके सरकवून भरलेलं. म्हणजे दोन वर्षांत चार कॅमेरे, सगळ्यांवर एचडी, सगळ्यांवर सिनेमाचा वायदा, आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा. कुठला खोटा हा वाद तेव्हा इतका पेटला की लेन्सकडे कुणी पाहिलंच नाही. माझं मत विचाराल तर एचव्हीएक्सच्या चित्रात ठिपके कमी असले तरी रंग आणि हालचाल इतरांपेक्षा सरस होती.

एचव्हीएक्सनं कॅसेटही सोडली. सेकंदाला 100 मेगाबिट, आणि 8 जीबीच्या कार्डात सुमारे आठ मिनिटं. सत्यनारायणाच्या कथेचा पहिला अध्यायही त्यात उरकला नसता. कार्ड भरलं की लॅपटॉपवर उतरवायला एक माणूस वेगळा लागे. हे काम आज प्रत्येक युनिटमध्ये आहे, त्याची सुरुवात ही. सोनीच्या 2007 च्या ईएक्स-1 नं कार्ड व्यवहारात बसवलं: अर्ध्या इंचाचे तीन सेन्सर, पुरे 1920 गुणिले 1080, 35 मेगाबिट, आणि खरा 25पी. शिवाय अंतराचे आकडे लिहिलेली, दोन्ही टोकांना थांबणारी फोकसची कडी. आधीच्या बहुतेक कॅमेऱ्यांची कडी कितीही फिरवा, फिरतच राही. तीच खूण पुन्हा गाठणं हा नशिबाचा भाग होता. पण या कॅमेऱ्यात सीसीडीच्या जागी सीएमओएस जातीचा सेन्सर आला आणि त्याबरोबर चित्र ओळीओळीनं टिपलं जाऊ लागलं. फ्लॅश उडाला की अर्ध्या फ्रेमवर पांढरा पट्टा. अंतरपाट दूर होताना दहा फ्लॅश उडतात, त्या क्षणी हा दोष फार बोचे.

मग 2008 साली कॅननचा 5डी मार्क-2 आला आणि सगळं उलटंपालटं झालं. फोटोचा कॅमेरा, मोठा सेन्सर, मागचं सगळं धूसर. त्या धूसरपणावर लोक इतके भाळले की वरच्या यादीतल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी त्यांनी आनंदानं सोडल्या. एक्सएलआर गेलं, एनडी गेला, हेडफोनची जागा गेली. काठापदराच्या साडीवर मोआरेची (बारीक नक्षीवरच्या खोट्या रंगरेघांची) इंद्रधनुष्यं उमटू लागली. आणि 25पी नव्हता! फक्त 30. ट्यूबलाइटचा जुना प्रश्न पुन्हा दारात. 2010 च्या मार्चमध्ये कंपनीनं नवं फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) देऊन 24 आणि 25 दिले, तोवर स्वयंसेवकांनी स्वतःच त्यावर आवाजाचे मीटर बसवलेले होते.

चित्रण तीस मिनिटांना एक सेकंद कमी असताना आपोआप बंद पडण्याची अट अशा कॅमेऱ्यांना नंतर कित्येक वर्षं चिकटून राहिली. तिचं मूळ तंत्रात नव्हतं, युरोपच्या जकातीत होतं. अर्धा तास किंवा जास्त चित्रण करणारा कॅमेरा तिथे व्हिडिओ कॅमेरा ठरे आणि कर लागे. याचा थोरला भाऊ डीव्हीच्या काळात होऊन गेला होता: बाहेरून सिग्नल घेऊन नोंदवणारं यंत्र तिथे रेकॉर्डर ठरे, म्हणून युरोपसाठीच्या पॅल कॅमेऱ्यांत डीव्ही-इन बंद करून देत. एडिट झालेली फिल्म परत कॅसेटवर घालता येत नसे. ते कुलूप उघडणारी छोटी यंत्रं विकत मिळत. पुढे ही जकातच उठत गेली आणि 2020 नंतरच्या बहुतेक कॅमेऱ्यांतून तीस मिनिटांची अट नाहीशी झाली.

सोडलेल्या गोष्टी एकेक करून परत आल्या. 2010 ते 2012 या काळात मोठा सेन्सर आणि व्हिडिओ कॅमेऱ्याचा सांगाडा यांची जोडणी झाली. कॅननच्या सी-300 मध्ये एक्सएलआर, एनडी आणि 50 मेगाबिट एकत्र होते. सोनीच्या 2015 च्या एफएस-5 मध्ये एनडी विजेवर चालू लागला, काचेच्या पायऱ्यांऐवजी हळूहळू गडद होणारा. सोनीच्याच 2021 च्या एफएक्स-3 मध्ये एक्सएलआर वरच्या हँडलमध्ये आहे आणि हँडल काढलं की तेही जातं.

50आय अजून मेनूत का आहे, हा प्रश्न नव्यानं शिकणारे हमखास विचारतात. आपल्याकडच्या एचडी वाहिन्यांचं प्रक्षेपण अजून 1080 ओळींच्या 50आयचंच आहे. मालिका 25पीमध्ये चित्रित केली असली तरी घरी पोचते ती प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत कापून, 50आयच्या वेष्टनात.