नाकात माया किती उरली?

शिंपी कपडा शिवताना शिवणीच्या आत थोडी माया सोडतो. कपडा घट्ट झाला तर ती उसवून बेत सुधारता येतो. सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया मनासारखी झाली नाही की माणूस सर्जनकडे हीच आशा घेऊन जातो: उसवा आणि नीट शिवा. पण पहिल्या वेळी माया सोडली होती का, हे त्याला ठाऊक नसतं. पुष्कळदा दुसऱ्या सर्जनलाही नसतं.

नाकाचं उदाहरण घेऊ, कारण तिथे ही अडचण सगळ्यात स्पष्ट दिसते. नाक सुघड करून घेणाऱ्यांपैकी साधारण 5 ते 15 टक्के लोकांना पुन्हा शस्त्रक्रिया लागते, असा सर्वसाधारण अंदाज दिला जातो. नाकाचा वरचा एक तृतीयांश हिस्सा हाडाचा, बाकीचा कूर्चेचा, म्हणजे लवचीक, मऊ हाडाचा. मधला पडदाही पुढच्या बाजूला कूर्चेचाच असतो आणि तोच नाकाचा खांब. पडद्यातून कूर्चा काढताना दांडीलगत आणि पुढच्या कडेला निदान 10 ते 15 मिलिमीटर रुंदीची काटकोनी पट्टी जागेवर ठेवावी लागते. तेवढीही उरली नाही तर दांडी मधेच खचते आणि नाक खोगिरासारखं दिसू लागतं. शेंडा बारीक करण्याच्या नादात नाकपुडीवरची कूर्चा जास्त कापली गेली, तर श्वास आत ओढताना नाकपुडी आत दबते. म्हणजे रूपासाठी गेलेला माणूस श्वासाची तक्रार घेऊन परततो. दुरुस्ती म्हणजे नुसती हौस, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

यातली एक गंमत सांगतो. कधी कधी शस्त्रक्रियेनंतर शेंड्याच्या किंचित वर फुगवटा येतो आणि बाजूनं पाहिलं तर नाक पोपटाच्या चोचीसारखं दिसतं. पाहणाऱ्याला वाटतं, कमी कापलं, अजून थोडं तासायला हवं होतं. काही वेळा खरोखर तसंच असतं. पण काही वेळा कारण नेमकं उलटं असतं. आतली कूर्चा जास्त काढली गेलेली असते, वरची जाड त्वचा तेवढी आक्रसत नाही आणि मधल्या पोकळीत व्रणाची ऊती भरते. अशा नाकात आणखी कापणं म्हणजे खड्डा बुजवण्यासाठी खणत राहणं. तिथे उलट कूर्चेचा आधार घालावा लागतो.

ही व्रणाची ऊतीच दुसऱ्या शस्त्रक्रियेचं वेळापत्रक ठरवते. जखम वरून दोन आठवड्यांत भरलेली दिसते, पण आत काम चालूच असतं. सुरुवातीला घाईघाईनं घातलेलं कोलॅजन हळूहळू काढून त्या जागी जास्त मजबूत कोलॅजन बसवलं जातं, तंतूंची मांडणी बदलते, व्रण आकसतो आणि मऊ होतो. याला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं. एवढं करूनही व्रणाची ताकद मूळ त्वचेच्या सुमारे 80 टक्क्यांपुढे जात नाही. नाकाची सूज शेंड्यावर सगळ्यात उशिरापर्यंत टिकते. म्हणून तिसऱ्या महिन्यात आरशासमोर उभं राहून काढलेला निष्कर्ष कच्चा असतो. बहुतेक सर्जन किमान वर्षभर थांबायला सांगतात, ते टाळाटाळ म्हणून नव्हे. लवकर उघडलं तर थर एकमेकांना चिकटलेले असतात, रक्त जास्त येतं आणि ज्या आकारावर काम करायचं तोच अजून बदलत असतो. जंतुसंसर्ग, त्वचा काळी पडणं किंवा पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर पापणी न मिटणं यांसारख्या गोष्टींना मात्र थांबणं लागू होत नाही.

मग नवी कूर्चा आणायची कुठून? पडद्यात शिल्लक असेल तर उत्तमच. नाहीतर कानाच्या वाटीतून घेतात. कानाचा आकार सहसा बिघडत नाही, पण ती कूर्चा मुळातच वाकडी आणि थोडी. बरगडीची मुबलक आणि दणकट असते, पण कोरल्यावर वाकते. गिब्सन आणि डेव्हिस या संशोधकांनी 1958 मध्ये यामागचं कारण मांडलं: कूर्चेचा बाहेरचा थर ताणलेला असतो आणि एका बाजूनं तो काढला की तोल जातो. म्हणून पट्टी गाभ्यातून, दोन्ही बाजू सारख्या तासून काढायची. वय वाढलं की तीच कूर्चा चुन्यासारखी कडक होत जाते आणि कोरणं अवघड होतं.

सगळ्याच दुरुस्त्या इतक्या किचकट नसतात. हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर (भराव देण्यासाठी त्वचेखाली टोचलेला पदार्थ) बिघडलं तर हायलुरॉनिडेझ हे विकर (एन्झाइम) टोचून ते विरघळवता येतं. सिलिकॉनसारख्या कायमच्या पदार्थांना असा उतारा नाही, ते कापूनच काढावे लागतात आणि पूर्ण निघतील याची खात्री नसते. स्तनातल्या इम्प्लांटभोवती शरीर स्वतःहून एक पिशवी विणतं. ती आवळली की स्तन कडक होतो, दुखतो, आणि मग इम्प्लांटबरोबर ती पिशवीही काढावी लागू शकते.

आणि काही वेळा दुरुस्त करण्यासारखं काही नसतंच. दोष इतरांना जेमतेम दिसतो, पण त्या माणसाचा दिवस आरशातच संपतो. या देहरूपाच्या विकारात शस्त्रक्रियेनं समाधान क्वचितच मिळतं. चिंता एका अवयवावरून दुसऱ्यावर जाते. तिथे मानसोपचार लागतो. हे स्पष्ट सांगून शस्त्रक्रियेला नकार देणारा सर्जन मला जास्त भरवशाचा वाटतो.

बाकीच्यांकडे सर्जन आधी जुने कागद मागतो: काय काढलं, कुठून काढलं, कुठे काय बसवलं. कागद नसतील तर कापसाची काडी नाकात घालून पडदा हलकेच दाबून पाहतो. कूर्चा असेल तिथे तो ताठ लागतो, नसेल तिथे लुळा. तरीही खरा हिशेब नाक उघडल्यावरच कळतो, म्हणून भूल देण्याआधीच कानाची आणि बरगडीची संमती घेऊन ठेवलेली असते.