खाडीच्या वासात अडकलेलं ऊन

दर 26 जुलैला मुंबईकरांच्या मोबाइलवर दोन गोष्टी फिरतात. एक, 2005च्या पुराचे फोटो. दुसरी, जागतिक कांदळवन दिनही त्याच तारखेला असल्यामुळे, ‘तिवरं म्हणजे मुंबईची फुफ्फुसं’ हा मजकूर. तिवरं, म्हणजे खाडीकाठची खारफुटीची झाडं, वाचायलाच हवीत. पण ती आपल्याला ऑक्सिजन पुरवतात म्हणून वाचवा, हे कारण टिकणारं नाही. समोरून लगेच विचारणा होते: झाडंच हवीत ना? मग दुसरीकडे लावून देतो!

शाळेतलं प्रकाशसंश्लेषण आठवा. पान साखर बनवतं आणि त्या प्रमाणात ऑक्सिजन सोडतं. तेच पान गळून कुजलं, की कुजवणारे जीवाणू जवळजवळ तेवढाच ऑक्सिजन परत वापरतात. वाढून स्थिरावलेल्या जंगलाचा हिशेब त्यामुळे शून्याजवळ येतो. हवेत 21 टक्के ऑक्सिजन आहे; मुंबईतली सगळी झाडं गेली तरी हा आकडा हलणार नाही. (पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो ही समजूतही अशीच निराधार. उजेड नसेल तर कुठलंच झाड ऑक्सिजन बनवत नाही.)

तिवरांचं खरं मोल त्यांच्या पायाखालच्या चिखलात आहे.

हार्बर लाइनची गाडी मानखुर्द सोडून खाडीच्या पुलावर येते तेव्हा ओहोटी असेल तर डब्यात नाकाला रुमाल लागतात. त्या वासात शहराच्या सांडपाण्याचा वाटा आहेच. पण सांडपाणी पूर्ण थांबलं तरी खाजणाला, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या या चिखलट जमिनीला, सडक्या अंड्यासारखा वास थोडाफार येतच राहील, कारण तो चिखलाच्या श्वसनाचा वास आहे.

या चिखलात ऑक्सिजन जेमतेम काही मिलिमीटर खोल शिरतो. त्याखाली पानं, मुळं, मेलेले जीव पडून असतात आणि ते खाणाऱ्या जीवाणूंना श्वसनासाठी दुसरं काहीतरी लागतं. समुद्राच्या पाण्यात ते भरपूर आहे: सल्फेट. एका लिटरमध्ये साधारण 28 मिलिमोल (मोल म्हणजे रेणूंची संख्या मोजायचं एकक) सल्फेट असतं आणि विरघळलेला ऑक्सिजन फक्त 0.2 मिलिमोलच्या आसपास. शिवाय श्वसन म्हणजे अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन कुणाला तरी देऊन टाकणं; सल्फेटचा एक रेणू असे आठ इलेक्ट्रॉन घेतो, ऑक्सिजनचा चारच. म्हणजे सेंद्रिय पदार्थ ‘जाळण्याची’ सल्फेटची क्षमता अडीचशे पटींहून जास्त. इलेक्ट्रॉन घेऊन सल्फेटचा हायड्रोजन सल्फाइड होतो, आणि तोच आपल्या नाकापर्यंत पोचतो.

मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते पुढचं. या श्वसनातून जीवाणूंना ऑक्सिजनच्या तुलनेत फारच थोडी ऊर्जा मिळते. मग पानातली उरलेली ऊर्जा जाते कुठे? ती सल्फाइडमध्येच राहते. तिवराच्या पानाने टिपलेलं ऊन आता वायूच्या रूपात चिखलात अडकलेलं असतं. ते वर सरकून ऑक्सिजनला भेटलं, की दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्यावर जगतात. खेकड्यांच्या बिळांतून आणि तिवराच्या श्वासमुळांतून (चिखलातून वर डोकावणाऱ्या मुळांतून) हवा खाली जाते, तिथेही हेच घडतं. तिवराला याची गरजच असते, कारण सल्फाइड विषारी आहे. मुळांतून झिरपणारा ऑक्सिजन ते मुळाशीच निकामी करतो.

बाकीचं सल्फाइड लोहाला धरतं. काळा चिखल काळा दिसतो तो या लोह सल्फाइडमुळे. पुढे त्यातूनच पायराइट हे खनिज तयार होतं. या झटापटीत लोहाने पकडून ठेवलेलं फॉस्फेट सुटतं आणि पाण्यात मिसळून सूक्ष्म शैवालांचं खत होतं. छोटा रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, हीच शैवालं चोचीने गाळून खातो. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला सरासरी दहा टक्क्यांच्या आसपासच ऊर्जा पुढे जाते (1942मध्ये लिंडेमन या परिसंस्थांच्या अभ्यासकाने मांडलेल्या विचारातून आलेला हा ठोकताळा, काटेकोर नियम नव्हे). रोहित थेट शैवालावर जगतो, मधली पायरीच नाही. म्हणून ठाणे खाडीत तो एवढ्या मोठ्या थव्यांनी राहू शकतो. ही खाडी 2015मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा.

पण चिखलातलं सगळंच कुजत नाही. ऑक्सिजनशिवाय मुळांचे चिवट भाग फार सावकाश विघटतात, भरतीबरोबर येणारा गाळ त्यांच्यावर साचत जातो आणि कार्बन शतकानुशतकं पुरलेला राहतो. तिवरांचा हिशेब शून्यावर न येण्याचं कारण हे पुरलेलं धन आहे.

बांधकामासाठी हा चिखल उपसला किंवा त्यातलं पाणी काढून तो सुकवला, की त्यात हवा शिरते. साचलेला कार्बन कुजून कार्बन डायऑक्साइड होतो. पायराइटची ऑक्सिजन आणि पाण्याशी अभिक्रिया होऊन सल्फ्युरिक आम्ल बनतं, ते मातीतलं अॅल्युमिनियम विरघळवतं, आणि पावसात ते पाणी खाडीत उतरलं तर मासे आणि चिंबोऱ्या मरतात. भरपाई म्हणून डोंगरावर कितीही रोपं लावली, तरी त्यांच्या मुळांखाली ना भरतीचं सल्फेट येतं, ना काळा चिखल साचतो.