रिपोर्ट नॉर्मल, तरी पाठ दुखते?

आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्यांसाठी

"पाठ दुखस, पन रिपोर्टमा काहीच नही." बरेच जण खुर्चीत बसण्याआधीच हे सांगतात. हातातल्या पिशवीत तीन ठिकाणचे एक्स-रे असतात. दुखणं दोन फऱ्यांच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडांच्या) मधोमध किंवा मानेच्या खाली, आणि तेही महिनोन् महिने. घरचे म्हणू लागतात, मनाचं आहे. तसं नाही. दुखणं खरंच आहे, फक्त ते फोटोत येत नाही.

पाठीच्या या भागात 12 मणके आणि त्यांना जोडलेल्या बरगड्यांच्या 12 जोड्या असतात. त्यामुळे हा भाग कंबरेपेक्षा घट्ट बांधलेला असतो आणि इथली गादी सरकण्याचं प्रमाणही कमी असतं. त्रास बहुतेक वेळा स्नायूंचा आणि बारीक सांध्यांचा असतो, आणि ते एक्स-रेत दिसत नाही. उलट, काहीच न दुखणाऱ्या माणसाच्या एमआरआयमध्येही वयामुळे झालेली झीज दिसते. म्हणून आम्ही रिपोर्टवर बोट ठेवून घाबरवत नाही.

तीन महिन्यांहून जास्त दुखत राहिलं की शरीराचं काय होतं, हे शेतकऱ्याला सांगायला सोपं आहे. विहिरीवरची मोटार ठणठणीत, पण स्टार्टर नाजूक झालेला. व्होल्टेज जरा कमी-जास्त झालं की ट्रिप. नसांचंही तसंच होतं. थोडा ताण, एखादी जागरणाची रात्र, घरातली काळजी, एवढ्यावरही त्या ओरडू लागतात. मोटार उघडून बसण्यात अर्थ नसतो.

सगळ्यात मोठी चूक आम्हाला कापूस वेचणीच्या दिवसांत दिसते. चार दिवस पाठ धरली म्हणून बाई झोपून राहते. पाचव्या दिवशी बरं वाटलं की राहिलेलं सगळं एका दिवसात उरकते. ओटी भरेपर्यंत वाकून वेचणी, आल्यावर भाकरी, धुणं, पाणी. सहाव्या दिवशी पुन्हा अंथरुणात. रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारे भाऊ आणि शिलाई मशीनवर बसणाऱ्या ताई हेच करतात. जळगावच्या सराफ्यात मान घालून काम करणारे कारागीरही त्यातलेच. त्यापेक्षा दुखायला लागायच्या आधी थांबा. समजा, अर्ध्या तासाने पाठ बोलू लागते, तर वीस मिनिटांनीच उठा, दोन मिनिटं चाला, मग पुन्हा बसा. बरं वाटलं त्या दिवशीही तेवढंच करा. हेच अवघड आहे. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा.

व्यायाम तीनच सांगतो, कारण दहा सांगितले तर कोणी करत नाही. खांदे मागच्या बाजूने गोल फिरवणं. भिंतीला पाठ टेकून दोन्ही हात भिंतीवरूनच वर सरकवणं. आणि खुर्चीत बसून हात छातीवर बांधून दोन्हीकडे वळणं. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. थोडं ओढल्यासारखं वाटेल, ते चालेल. दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच राहिलं तर निम्मं करा, बंद करू नका.

शेक चालतो. मे महिन्यात पारा 44-45 ला असताना गरम पिशवी नकोशी वाटली तर थंड पट्टी घ्या, ज्याने आराम पडतो ते खरं. बाज मधून झोळीसारखी झाली असेल तर नवार कसून घ्या.

सलूनमध्ये मान कडकन मोडून घेऊ नका, त्यात मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. बिननावाच्या पुडीने एका दिवसात बरं वाटलं, तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. वेदनाशामक गोळ्याही महिनोन् महिने स्वतःच्या मनाने खाऊ नका, पोट आणि किडनीला त्या झेपत नाहीत.

काही वेळा मात्र आमच्याकडे न येता आधी डॉक्टरकडे जा. संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं: मणक्याचा क्षयरोग असाच सुरू होतो आणि पाठीच्या याच भागात तो बऱ्याचदा आढळतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पायांतली ताकद कमी होणं किंवा लघवीवरचा ताबा सुटणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यातही थांबू नका. एका बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन फोड आले तर ती नागीण असू शकते. आणि पाठीसोबत छातीत दाब, घाम, धाप असेल तर चोळत बसू नका, 108 ला फोन लावा.

पूर्ण बरं करण्याची हमी आम्ही देत नाही आणि वीस बैठकांचं पॅकेजही विकत नाही. चार-पाच भेटींत व्यायाम शिकवतो, पुढचं घरी. पहिल्या भेटीला पाऊण तास लागतो. सैल कपडे घाला, चालू गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. जुने एक्स-रे असतील तर आणा, आमच्यासाठी नवा काढू नका.