मिल लॅक्स राखीव प्रदेश : सीमा व भूहक्क

मिल लॅक्स राखीव प्रदेश : अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मिल लॅक्स सरोवराच्या दक्षिण काठावर असलेला, ओजिब्वे (चिपेवा) या मूळ अमेरिकन लोकांच्या मिल लॅक्स बँडचा (स्वतःचे प्रमुख असलेल्या गटाचा) प्रदेश. २२ फेब्रुवारी १८५५ च्या वॉशिंग्टन तहाने तो आखला गेला. क्षेत्रफळ सु. ६१,००० एकर (सु. २४७ चौ. किमी.). आजच्या कॅथिओ, साउथ हार्बर व आइल हार्बर या टाउनशिप (काउंटी म्हणजे जिल्हा, त्याचे पोटविभाग) आणि सरोवराच्या दक्षिण भागातील तीन बेटे या आखणीत येतात. हा प्रदेश कायद्याने आजही अस्तित्वात आहे की १८६४ किंवा १८८९ मध्ये संपुष्टात आला, हा वाद दीड शतकाहून अधिक काळ चालू आहे.

‘मिल लॅक्स’ (हजार सरोवरे) हे फ्रेंच नाव मुळात सगळ्या परिसराचे होते, ते पुढे एकाच सरोवराला चिकटले. ओजिब्वे भाषेत त्याला ‘मिसी-झागाइगन’, म्हणजे मोठे सरोवर, असे म्हणतात. मराठीत ‘आरक्षण’ या शब्दाला वेगळा अर्थ रुळलेला असल्यामुळे येथे ‘राखीव प्रदेश’ ही संज्ञा योजली आहे.

ओजिब्वे या काठावर केव्हा स्थिरावले याबद्दल एकमत नाही. त्यांच्याआधी येथे डकोटा लोकांची वस्ती होती, हे निर्विवाद आहे. फ्रेंच प्रवासी डुलूथ २ जुलै १६७९ रोजी त्यांच्या ‘इझाटिस’ या मोठ्या गावी पोचला होता. पुढे हस्तलिखित वाचताना ‘इझाटिस’चे ‘कॅथिओ’ झाले आणि वाचनदोषातून जन्मलेले हेच नाव टाउनशिपला मिळाले. विल्यम वॉरन (मृ. १८५३) या ओजिब्वे वंशाच्या लेखकाने वृद्धांच्या तोंडून ऐकून लिहिलेल्या हकीकतीनुसार, कॅथिओच्या लढाईत ओजिब्वेंनी डकोटांना एकाच मोहिमेत हुसकावून लावले. वॉरन पिढ्या मोजून काळ ठरवतो आणि एक पिढी ४० वर्षांची धरतो. त्यामुळे त्याची कालगणना जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. सामान्यतः अठराव्या शतकाचा मध्य, ढोबळमानाने १७४५–५०, हा काळ दिला जातो. डकोटा व्यापारासाठी व गव्यांच्या कळपांमागे हळूहळू दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे सरकले, आणि एखादी खरी चकमक लोकस्मृतीत मोठी होत गेली, असे दुसरा पक्ष मानतो. हे मत अधिक सयुक्तिक दिसते. मात्र वॉरनने जपलेली परंपरा निराधार ठरवण्याइतका पुरावा त्यातून मिळत नाही. दोन्ही जमातींमधील सीमारेषा प्रथम कागदावर आली ती १८२५ च्या प्रेअरी डू शीन तहात.

अमेरिकन सरकारशी २९ जुलै १८३७ रोजी सेंट पीटर्स येथे झालेल्या तहात ओजिब्वेंनी आजच्या मिनेसोटा व विस्कॉन्सिनमधील विस्तीर्ण मुलूख सोडला. त्यात मिल लॅक्सचा दक्षिण काठही होता. ही बाब पुष्कळदा नजरेआड होते. १८५५ चा राखीव प्रदेश बँडने कधीच न सोडलेल्या भूमीतून नव्हे, तर १८३७ मध्ये सोडलेल्या भूमीतून, उत्तरेकडील आणखी मोठा मुलूख सोडण्याच्या बदल्यात, ‘कायमच्या घरांसाठी’ म्हणून बाजूला काढला गेला. म्हणजे या जमिनीची किंमत दुसऱ्या जमिनीने चुकती केलेली होती. १८३७ च्या तहाच्या पाचव्या कलमाने सोडलेल्या मुलखात शिकार, मासेमारी आणि ‘मनोमिन’ गोळा करण्याची मुभा राखून ठेवली होती, पण ‘राष्ट्राध्यक्षांची मर्जी असेपर्यंत’. (मनोमिन हे उथळ पाण्यात आपोआप वाढणारे तृणधान्य. त्याला रानतांदूळ म्हणत असले तरी ते आपल्या भातापेक्षा वेगळ्या प्रजातीचे आहे. होडीतून कणसे वाकवून ती काठीने हलकेच झोडतात.) १८५० मध्ये राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर यांनी ही मुभा रद्द करून ओजिब्वेंना हलवण्याचा हुकूम काढला. त्याच वर्षी तहांनुसार ओजिब्वेंना मिळणाऱ्या वार्षिक रकमेचे वाटप सँडी लेक या दूरच्या ठिकाणी नेले गेले. तेथे ताटकळत, आजारात व परतीच्या थंडीत सु. ४०० माणसे मेली.

वादाचे मूळ १८६३ व १८६४ च्या तहांत आहे. १८६२ मध्ये डकोटांचे युद्ध पेटले असताना गल लेक येथील ओजिब्वेंचा प्रमुख बगोनेगीझिग यानेही उठावाची तयारी केली. मिल लॅक्सच्या लोकांनी त्याला साथ न देता अमेरिकन लष्कराच्या रिप्ली किल्ल्याच्या रक्षणाची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी झालेल्या तहाच्या पहिल्या कलमात मात्र मिल लॅक्ससह सहा राखीव प्रदेश ‘सोडून दिले’ असे लिहिले गेले. बाराव्या कलमात लगेच एक अपवाद घातला : मिल लॅक्स इंडियनांच्या (मूळ अमेरिकनांच्या) आजवरच्या सद्वर्तनामुळे, जोवर ते गोऱ्यांच्या जीविताला वा मालमत्तेला कोणताही उपद्रव देत नाहीत, तोवर त्यांना हलण्याची सक्ती केली जाणार नाही. १८६४ च्या तहात हेच शब्द कायम राहिले. ‘न हलवता येणारा बँड’ ही मिल लॅक्सची ओळख येथूनच आली. बँडच्या परंपरेनुसार वॉशिंग्टनमध्ये प्रमुखांना तोंडी आश्वासनेही मिळाली होती.

पहिले कलम आणि बारावे कलम यांचा मेळ कसा घालायचा? मालकी गेली पण वहिवाट राहिली, हे एक वाचन. वहिवाट बेमुदत राहिली असेल तर राखीव प्रदेशही राहिला, हे दुसरे. तिसरे वाचन लाकूड व्यापाऱ्यांचे : बँडला केवळ सरकारच्या इच्छेने राहू दिले आहे, जमीन सार्वजनिक आहे. सरोवराकाठच्या उंच पाइन वृक्षांवर त्यांचा डोळा होता आणि १८७० च्या दशकापासून तेथे दावे दाखल होऊ लागले. ४ जुलै १८८४ च्या कायद्याने काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) ही जमीन पुढील कायदा होईपर्यंत कोणालाही देण्यास मनाई केली.

१४ जानेवारी १८८९ च्या नेल्सन कायद्याने मिनेसोटातील ओजिब्वेंचे राखीव प्रदेश खुले करून सर्वांना राज्यातील व्हाइट अर्थ या दुसऱ्या राखीव प्रदेशात नेण्याची योजना आखली. ज्यांना जायचे नसेल त्यांना आपल्याच प्रदेशात जमिनीचे व्यक्तिगत वाटप मागता येणार होते. ही संमती मिळवण्यासाठी आलेल्या हेन्री राइस यांच्या आयोगाला मिल लॅक्सने संमती दिली ती या भरवशावर. हे वाटप झाले नाही. अंतर्गत व्यवहार खात्याने तहाचे व्यापाऱ्यांना सोयीचे वाचन स्वीकारले आणि काँग्रेसच्या ठरावांनी जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांना मोकळी केली. १९०२ च्या कायद्याने स्थलांतर करणाऱ्यांना घरे व सुधारणांपोटी ४०,००० डॉलर देऊ केले. काही गेले, अनेक राहिले. १९११ मध्ये मिल लॅक्स काउंटीच्या शेरीफने (पोलीसप्रमुखाने) माणसांना बाहेर काढून एका वस्तीतील घरे जाळली. उपद्रव न देणाऱ्यांना न हलवण्याचे वचन तेव्हाही रद्द झालेले नव्हते.

१९१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाराव्या कलमाचा अर्थ हा प्रामाणिक मतभेदाचा विषय होता आणि नेल्सन कायद्याने तो तडजोडीने मिटवला, असे सांगितले : सरकारने बँडचा हक्क मान्य केला, बँडने ठरावीक अटींवर जमीन सोडली. अटी मोडून जमीन खुली केल्याबद्दल भरपाईचा हक्क मान्य झाला, रक्कम फेरहिशेबासाठी परत गेली. दोन्ही बाजू आजही याच निकालाचा आधार घेतात. काउंटीला त्यात ‘सोडली’ दिसते, बँडला ‘हक्क मान्य’ दिसतो.

येथे मालकी व सीमा यांतील फरक ध्यानात घेणे अवश्य आहे. १९४८ च्या संघीय कायद्यानुसार राखीव प्रदेशाच्या हद्दीतील खाजगी सनदेची जमीनही ‘इंडियन मुलूख’ ठरते. सीमा मोडण्याचा अधिकार फक्त काँग्रेसचा आहे आणि तो हेतू स्पष्ट दिसावा लागतो. १९८४ च्या एका निकालात न्यायालयाने शब्दांबरोबर तत्कालीन परिस्थितीकडेही पाहिले. २०२० च्या ओक्लाहोमा प्रकरणात कायद्याच्या शब्दांवरच भर दिला गेला. त्यामुळे बहुतेक जमीन बिगरइंडियनांच्या नावावर असूनही सीमा शाबूत असू शकते. या कसोटीवर १८६४ च्या तहातील बारावे कलम काउंटीच्या बाजूला सर्वांत अडचणीचे ठरते.

१९९९ चा सर्वोच्च न्यायालयाचा प्रसिद्ध निकाल (५ विरुद्ध ४) सीमेबद्दल नाही. तो १८३७ च्या मासेमारी-शिकारीच्या हक्कांबद्दल आहे. टेलर यांचा हुकूम अवैध होता आणि १८५५ चा तह किंवा १८५८ मधील राज्यस्थापना यांनी ते हक्क संपले नाहीत, असे न्या. सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिले. दोन्ही प्रश्नांची वारंवार गल्लत होते.

सीमेच्या आत बँडच्या पोलिसांना किती अधिकार, या वादामुळे सीमेच्या प्रश्नाला आधुनिक वळण मिळाले. १९५३ च्या कायद्याने रेड लेक हा राखीव प्रदेश वगळता मिनेसोटाच्या राखीव प्रदेशांत फौजदारी अधिकार राज्याकडे गेला होता. काउंटी व एका बँकेने लावलेला सीमेचा दावा २००४ मध्ये, प्रत्यक्ष हानी दाखवता न आल्याने, गुणावगुणात न शिरता निकालात निघाला. २०१५ मध्ये अंतर्गत व्यवहार खात्याच्या विधी अधिकाऱ्यांनी सीमा कायम असल्याचे मत दिले. २०१६ मध्ये काउंटीने बँडच्या पोलिसांशी असलेला सहकार्य करार मोडला आणि पुढच्या वर्षी बँडने दावा लावला. २०२० मध्ये राज्यशासनाने सीमा कायम असल्याची भूमिका न्यायालयात घेतली. ४ मार्च २०२२ रोजी संघीय जिल्हा न्यायाधीश सूझन रिचर्ड नेल्सन यांनी राखीव प्रदेश कधीच विसर्जित वा आकुंचित झाला नाही, असा निर्णय दिला. काउंटीने त्यावर अपील केले आणि तो निर्णय अंतिम शब्द ठरला नाही.

बँडचे मुख्य कार्यालय ओनेमिया गावाजवळ असून तो मिनेसोटा चिपेवा ट्राइब या संघाचा घटक आहे. १९९१ मध्ये सुरू झालेल्या कॅसिनोच्या उत्पन्नातून शाळा, दवाखाने उभे राहिले, आणि १८५५ च्या हद्दीतील जमीन तुकड्यातुकड्याने परत विकत घेतली जात आहे.